पोकळीतला गोळा आणि रात्रीचं वाचन

पत्र, थोडं संक्षिप्त करून :

‘नमस्कार डॉक्टर. मी तासगाव तालुक्यातली, नोकरीसाठी पुण्यात असते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ५७, दीड एकर द्राक्षबाग आणि एक छोटं बेदाणा शेड. २०१८ मध्ये त्यांना टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या नेमानं घेतल्या, बरे झाले. गेल्या वर्षभरापासून परत खोकला आहे, वजन आठ किलोंनी उतरलंय, दोनदा थुंकीतून रक्त पडलं. थुंकी तपासली, टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणीही दोनदा केली, काही सापडलं नाही. तरी टीबीच उलटला असणार म्हणून दोन महिन्यांपूर्वी गावाकडे परत तीच औषधं सुरू झाली. फरक शून्य. मागच्या आठवड्यात मिरजेला सीटी स्कॅन केला. अहवालात लिहिलंय : उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी, आत गोळा, “ॲस्परजिलोमा”, म्हणजे बुरशीचा गोळा, आणि पुढे प्रश्नचिन्ह. तिथल्या डॉक्टरांनी बुरशीवरचं औषध, इट्राकोनॅझोल, लिहून दिलं, ते परवापासून चालू केलं. टीबीच्या गोळ्याही चालू आहेतच. मी रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इंटरनेटवर वाचत बसते. कुठे लिहिलंय निम्मी माणसं दगावतात, कुठे ब्लॅक फंगस, कुठे कबुतरं. काकांनी अण्णांचं ताट वेगळं केलंय आणि माझ्या दोन वर्षांच्या भाचीला त्यांच्याजवळ फिरकू देत नाहीत. हा टीबी आहे की बुरशी? जिवाला धोका आहे का? काय वाचू, कुणाचं खरं मानू? अण्णा मात्र एकच विचारतात : छाटणीला बागेत जाऊ का?’

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्याशी थबकले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यावर इट्राकोनॅझोलही चालू आहे. बाकीचं उत्तर निवांत वाचा, पण हे आजच हातावेगळं करा. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं, लघवी केशरी करतं ते. हे औषध यकृताला असं काही कामाला जुंपतं की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. अण्णा रोज नेमानं कॅप्सूल घेतील, पैसे जातील, आणि बुरशीपर्यंत औषध जवळपास पोचणारच नाही. मग महिन्याभरानं कुणीतरी म्हणेल, ‘बुरशीचं औषधही लागू पडत नाही.’ ते लागू पडलं की नाही हे तपासायची संधीच त्याला मिळालेली नसेल.

मला खात्री आहे की गावाकडच्या डॉक्टरांना मिरजेची चिठ्ठी दिसलेली नाही आणि मिरजेच्या डॉक्टरांना टीबीचं पाकीट दिसलेलं नाही. आपल्याकडे रुग्णाची फाइल पिशवीत असते आणि पिशवी बहुतेक वेळा घरी राहते. एका कोऱ्या कागदावर अण्णा घेतात ती प्रत्येक गोळी लिहा. बीपीची, ॲसिडिटीची, गुडघेदुखीची, गावातल्या वैद्यांची पुडी असेल तर तीही. तो कागद दोन्ही ठिकाणी दाखवा.

मात्र टीबीची औषधं तुम्ही स्वतः होऊन बंद करू नका. काही जणांना टीबी आणि बुरशी दोन्ही एकाच वेळी असतात, आणि अर्धवट सोडलेलं टीबीचं औषध जंतूंना चिवट करतं. तालुक्याच्या क्षयरोग केंद्रात जाऊन सरळ विचारा : ‘थुंकीत जंतू नाहीत, सीबीनॅट दोनदा निगेटिव्ह आहे, सीटीत बुरशीचा गोळा दिसतोय, मग टीबीचं निदान कशाच्या आधारावर आहे? थुंकीचं टीबी कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहणं, लावता येईल का?’ हा प्रश्न उद्धट नाही. चांगला डॉक्टर त्याचं स्वागत करतो. रिफॅम्पिसिन थांबवायचं ठरलंच, तर त्याचा यकृतावरचा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे जातात, हेही मिरजेच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तुमच्या रात्रीच्या वाचनाकडे येते.

अण्णांच्या अहवालातल्या बुरशीचं ॲस्परजिलस हे नाव १७२९ सालचं आहे. फ्लॉरेन्सचे पिएर अँतोनिओ मिकेली धर्मगुरू होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञही. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी पाहिल्यावर त्यांना चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायची झारी आठवली. त्या झारीचं लॅटिन नाव त्यांनी बुरशीला दिलं. देठावर गोल बोंड, बोंडावर माळेसारखे बीजाणू. हे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत सहज पोचणारे. शेणखत, पालापाचोळा, ओला कडबा, धान्याचं कोठार, भिंतीची ओल, सगळीकडे ती असते. तुम्ही आणि मी रोज शेकड्यानं हे बीजाणू आत घेतो आणि शरीर ते गुपचूप झाडून काढतं. हिचीच एक जात जपानात सोया सॉस आणि साके बनवायला वापरतात, दुसरीपासून कारखान्यांत सायट्रिक ॲसिड काढतात. सरबताच्या पाकिटावर जे लिहिलेलं असतं, तेच.

तुमच्या घाबरण्याचं मूळ मला इथे दिसतं. एकाच बुरशीच्या नावाखाली निदान तीन निरनिराळे आजार येतात आणि इंटरनेट ते एकाच ताटात कालवून वाढतं. पहिला ॲलर्जीचा. दम्याच्या माणसाला बुरशीची ॲलर्जी होते, तपकिरी खडे खोकल्यातून पडतात, रक्तात आयजीई नावाचं ॲलर्जीचं प्रतिद्रव्य वाढतं. त्याला डॉक्टर एबीपीए म्हणतात. अण्णांना दमा असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा तो सोडून द्या. दुसरा हल्ला करणारा. रक्ताच्या कर्करोगाचं औषध चालू आहे, अवयव बदललाय, अतिदक्षता विभागात भरपूर स्टेरॉइड चाललीत, पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात, अशा माणसात बुरशी रक्तवाहिन्या फोडत पसरते. दिवसांत, आठवड्यांत. तिसरा जुनाट. टीबीनं किंवा दुसऱ्या एखाद्या आजारानं फुप्फुसात पोकळी राहिलेली असते, तिच्यात बुरशी महिनोन्महिने, वर्षानुवर्षं वाढत राहते. अहवालातलं प्रश्नचिन्ह खरं ठरलं तर अण्णांचा आजार हा तिसरा.

‘निम्मी माणसं दगावतात’ हे तुम्ही वाचलंत ते जवळजवळ नक्की दुसऱ्या आजाराबद्दल असणार. जगातलं संशोधन बरंचसं त्याच्याबद्दल आहे, कारण ते मोठ्या कर्करोग रुग्णालयांत होतं आणि औषध कंपन्यांचा पैसाही तिथेच असतो. आणि तिथेही आकडे सरसकट नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्ण बारा आठवड्यांनी जिवंत होते, जुन्या ॲम्फोटेरिसिनवर सुमारे ५८ टक्के. ही सगळी गंभीर आजारी, प्रतिकारशक्ती ढासळलेली माणसं होती. वर्षभर खोकत का होईना, शेतात हिंडणाऱ्या अण्णांना तो आकडा लावू नका. म्हणून यापुढे काहीही वाचायला घेतलंत की आधी एकच शोधा : यातले रुग्ण कोण होते? ते ‘प्रतिकारशक्ती दडपलेले’ असतील तर पान मिटा आणि झोपा.

जुनाट आजार म्हणजे किरकोळ, असं मात्र समजू नका. तो सावकाश फुप्फुस खातो, वजन उतरवतो, आणि त्यातलं रक्त पडणं हे खरं भय आहे. त्याकडे मी पुढे येते.

ब्लॅक फंगसचं एका परिच्छेदात उरकते. २०२१ च्या लाटेत जिनं धुमाकूळ घातला ती म्युकरमायकोसिस, वेगळ्या कुळातली बुरशी, मुख्यत्वे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड घेतलेल्यांत. गंमत अशी की तेव्हा व्हॉट्सॲपवर कांद्याचे फोटो फिरत होते : ‘सालीवरची काळी बुरशी म्हणजेच ब्लॅक फंगस.’ कांद्यावरची ती काळी पूड ॲस्परजिलस नायजर असते. म्हणजे ज्या आजाराच्या नावानं कांदे फेकले गेले, त्याच्याशी तिचा संबंध नव्हताच. साल काढा, कांदा धुवा, भाजीला फोडणी द्या. अण्णांची रक्तातली साखर मात्र एकदा तपासून घ्या, मधुमेह कुठल्याही बुरशीला मदतच करतो.

आणि ते वेगळं ताट. काकांना माझं नाव सांगून सांगा की हा आजार माणसापासून माणसाला लागत नाही. खोकल्यातून नाही, ताटातून नाही, एका अंथरुणातून नाही. बीजाणू हवेतून येतात, अण्णांकडून नव्हे. टीबीची शंका पूर्ण फिटेपर्यंत, म्हणजे कल्चरचा निकाल येईपर्यंत, खोकताना तोंडावर रुमाल आणि खिडक्या उघड्या, एवढं पुरे. दोन महिने टीबीची औषधं पोटात गेल्यावर भाचीला आजोबांपासून तोडण्याला मला तरी काही आधार दिसत नाही. वेगळ्या ताटानं संसर्ग थांबतो असं नाही. माणसाचं जेवण मात्र कमी होतं, आणि अण्णांना आठ किलो परत मिळवायचेत.

हा गोळा होतो कसा? टीबी बरा होतो, जंतू मरतात, पण त्यांनी पोखरलेली जागा भरून येत नाही. गावाकडचा बंद वाडा आठवा. माणसं मुंबईला गेली, कुलूप लागलं, आणि वर्षभरात आत कोळिष्टकं. पोकळीत रक्तपुरवठा नाही, हवा मात्र येते, झाडणारं कुणी नाही. बीजाणू बसतो, तंतू वाढतात, त्यांत कफ आणि मेलेल्या पेशी गुंततात आणि लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा तयार होतो. सीटीत गोळ्याभोवती हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णाला पालथं झोपवलं तर गोळा कधी कधी पोकळीत घरंगळतोही.

हे दुर्मीळ नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांनी टीबीनंतर अडीच सेंटिमीटर किंवा जास्त मोठी पोकळी राहिलेले ५४४ रुग्ण तपासले. त्यांतल्या सुमारे चौथाई जणांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार टीबीनंतरच्या या आजाराचे जगात सुमारे ११.७ लाख रुग्ण असावेत. २०१४ मध्ये चंडीगडचे डॉ. रितेश अगरवाल, डॉ. अरुणालोके चक्रवर्ती आणि मँचेस्टरचे डॉ. डेव्हिड डेनिंग यांनी एकट्या भारतासाठी सुमारे २.९ लाखांचा अंदाज मांडला. हे गणितानं काढलेले अंदाज आहेत, दारोदार जाऊन केलेली मोजणी नव्हे. पण टीबी इतका असलेल्या देशात हा आजार कुणाच्या ओठांवर नसावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्याची लक्षणं हुबेहूब टीबीची : खोकला, रक्त, वजन उतरणं, थकवा. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत तर ‘सापडले नाहीत पण असतील’ असं म्हणून औषध सुरू होतं.

मीही ते केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत. मी त्यांना टीबीच्या औषधाचा दुसरा कोर्स दिला, आणि तो संपल्यावर तिसऱ्याचा विचारही करत होते. मग त्यांच्या बायकोनं एक दिवस ट्रंकेत जपून ठेवलेला चार वर्षांपूर्वीचा एक्स-रे आणला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी लावल्या. जुन्या फिल्ममध्ये पोकळी रिकामी होती. नव्यात भरलेली. मला ते तोवर दिसलं नव्हतं, कारण मी फक्त नव्या फिल्मकडे पाहत होते. तेव्हा तुमच्या घरी २०१८ चा एक्स-रे कुठल्या तरी कपाटावर असेलच, तो शोधा. सीटीच्या फिल्म आणि सीडीबरोबर तो घेऊन जा. नुसता लेखी अहवाल नेऊ नका.

सीटीवरच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर रक्तात मिळतं. ॲस्परजिलस आयजीजी नावाची तपासणी सांगा. इथे प्रयोगशाळेत हमखास गोंधळ होतो. आयजीई ही ॲलर्जीची तपासणी, आयजीजी ही जुनाट संसर्गाची, आणि पावतीवर नेमकं दुसरंच छापलं जातं. पावती घेतानाच अक्षर तपासा. निकाल आल्यावर त्यातला आकडा आणि प्रयोगशाळेनं छापलेली मर्यादा दोन्ही डॉक्टरांना दाखवा. यंत्र बनवणारे सांगतात ती मर्यादा परदेशी रुग्णांवरून ठरलेली असते. चंडीगडच्या संशोधकांनी आपल्या रुग्णांवर एका प्रचलित पद्धतीची मर्यादा तपासली तेव्हा ती त्याहून कमी, लिटरला सुमारे २७ मिलिग्रॅम निघाली. म्हणून ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणून तो निकाल बाजूला पडू देऊ नका. थुंकीचं बुरशीसाठी कल्चरही सांगा, पण ते निगेटिव्ह आलं तर हुरळून जाऊ नका, या आजारात तसं पुष्कळदा होतं. रक्तातली गॅलॅक्टोमॅनन चाचणी हल्ला करणाऱ्या आजारात कामाची, इथे तिचा फारसा उपयोग नाही. कुणी महागडी म्हणून सुचवली तर कारण विचारा. लक्षणं तीन महिन्यांहून जास्त, सीटीत पोकळी किंवा गोळा, रक्तात आयजीजी, आणि दुसरं कारण नाही, एवढं जुळलं की निदान पक्कं. दुसऱ्या कारणांत टीबीच्या चुलत घराण्यातले जंतू येतात आणि कर्करोगाची गाठही येते. म्हणून छातीच्या डॉक्टरांना दुर्बिणीनं तपासावंसं वाटलं तर नाही म्हणू नका.

उपचाराबद्दल तुम्ही बाहेरचं खूप वाचलंत, पण या आजारावरचं अतिशय कामाचं संशोधन आपल्याच देशात, चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत झालंय. २०१३ च्या चाचणीत एकूण ३१ रुग्ण होते. सहा महिने इट्राकोनॅझोल घेतलेल्या १७ पैकी १३ सुधारले, नुसते आधाराचे उपचार घेतलेल्या १४ पैकी ५. संख्या लहान, पण आपल्यासारखेच, बहुतेक टीबी होऊन गेलेले रुग्ण. मग प्रश्न आला, औषध किती दिवस द्यायचं? २०२२ मध्ये त्याच संस्थेनं १६४ रुग्णांचा निकाल छापला. सहा महिने औषध घेतलेल्यांत ३८ टक्के जणांचा आजार दोन वर्षांच्या आत उलटला, बारा महिने घेतलेल्यांत १० टक्के. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी अण्णांना बरं वाटेल, वजन वाढेल, आणि ते म्हणतील, ‘आता कशाला गोळ्या?’ तेव्हा ते उपयोगी पडतील. किती महिने द्यायचं हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील, पण सहा की बारा हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इट्राकोनॅझोल हे मानी औषध आहे. साधी कॅप्सूल भरपेट जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर घ्यायची, पोटात आम्ल असेल तरच ती नीट शोषली जाते. आणि आपल्याकडे कुठलीही चिठ्ठी पँटोप्राझोलनं सुरू होते! सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेऊन पोटातलं आम्ल मारायचं आणि मग आम्ल मागणारी कॅप्सूल द्यायची, हे मी इतक्यांदा पाहिलंय की हल्ली आधी तेच विचारते. ती गोळी खरंच लागते का, ते डॉक्टरांना विचारा. बाजारात ‘सुबा’ नावाचा नवा प्रकारही मिळतो. तो वेगळ्या मात्रेत येतो आणि जेवणावर इतका अवलंबून नसतो. दुकानदारानं ‘तेच आहे’ म्हणून एकाऐवजी दुसरा दिला तर घेऊ नका, दोन्हीचे मिलिग्रॅम सारखे मोजायचे नसतात. दोनेक आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी मोजता येते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळांत चौकशी करा, जमलं तर जरूर करा. यकृताच्या तपासण्या अधूनमधून लागतात. पाय सुजले, चालताना धाप वाढली तर थांबू नका, हे औषध हृदयावर ताण देऊ शकतं. अण्णांचं हृदय आधीच कमकुवत असेल तर ते सुरू करण्यापूर्वीच सांगायला हवं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, बीपीची ॲम्लोडिपिन, दम्याच्या पंपातली काही स्टेरॉइड, यांचा प्रभाव ते वाढवतं. तो कोरा कागद लिहायला सांगितला तो यासाठीही.

आता रक्त. कफात रेघ दिसणं, चमचाभर पडणं, यासाठी डॉक्टर ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात. त्या घरात आणून ठेवाव्यात का, हे आत्ताच विचारून ठेवा. पण वाटीभर रक्त पडलं, किंवा थोडं थोडं पडत थांबेना, तर रात्रीचे दोन असोत की पहाटेचे चार, गाडी काढायची. गोळा उजवीकडे आहे, म्हणून अण्णांना उजव्या कुशीवर झोपवायचं, म्हणजे रक्त चांगल्या डाव्या फुप्फुसात उतरणार नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, काकांनाही, आजच पाठ करून द्या. मोठ्या रुग्णालयात मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून रक्तस्रावाची नस बंद करतात, एम्बोलायझेशन म्हणतात त्याला. ते सांगली-मिरजेत कुठे होतं, रात्री होतं का, हे आधी विचारून फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला रुग्णालयातच भेटा. गोळा एकच असेल, बाकी फुप्फुस धडधाकट असेल, तर शस्त्रक्रियेनं तो भाग काढून टाकणं हा मुळावर घाव घालणारा उपाय आहे. पण टीबी होऊन गेलेल्या छातीत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, तिथे अनुभवी हात लागतो. फुप्फुसाची ताकद मोजल्याशिवाय या विषयावर घरात मत तयार करू नका, ना बाजूनं, ना विरुद्ध.

तुम्ही विचारलंत, काय वाचू. इंग्रजी वाचायला हरकत नसेल तर मँचेस्टरच्या राष्ट्रीय ॲस्परजिलोसिस केंद्राची रुग्णांसाठीची माहिती वाचा. हे केंद्र २००९ पासून फक्त याच आजाराच्या रुग्णांसाठी चालतं. फक्त लक्षात ठेवा की तिथलं घर ब्रिटनमधलं आहे : बंद खिडक्या, गालिचे, भिंतींची ओल. अण्णांच्या ओसरीला त्यातलं निम्मं लागू नाही. डॉक्टरांशी बोलताना २०१६ ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं उपयोगी पडतील, ती खास या जुनाट आजारासाठी लिहिलेली आहेत. २०१८ मध्ये साधनं कमी असलेल्या देशांसाठी निदानाची सोपी व्याख्याही प्रसिद्ध झाली, ती आपल्याला जास्त जवळची. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं १९ बुरशींची यादी काढली आणि ॲस्परजिलस फ्युमिगॅटसला सर्वांत वरच्या गटात घातलं. त्यावरून ‘जीवघेणी बुरशी’ छापाच्या बातम्या आल्या, तुम्हीही त्या वाचल्या असणार. ती यादी संशोधकांना आणि सरकारांना उद्देशून आहे, पैसा आणि लक्ष कुठे वळवायचं ते सांगणारी. साथीचा इशारा नाही. बाकी यूट्यूबवरच्या हळदीच्या वाफेपासून दूर राहा. हळद आपल्याच सांगलीची, तिचा मान मोठा, पण बंद पोकळीत तिला वाट नाही.

कबुतरांचं राहिलंच. त्यांच्या विष्ठेच्या धुळीनं काहींना फुप्फुसाचा वेगळा, ॲलर्जीचा आजार होतो. शेडच्या पत्र्याखाली घरटी असतील तर काढून टाका, इतकंच.

बागेबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण अण्णांनी तेच विचारलंय आणि त्यात एक खरी गोम आहे. द्राक्षावरच्या भुरीसाठी, म्हणजे तिथल्या बुरशीसाठी, तुम्ही हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल फवारत असाल. नावातलं ‘कोनॅझोल’ ऐका, आणि अण्णांच्या कॅप्सूलचं नाव ऐका. एकाच घराण्यातली औषधं आहेत. शेतात यांचा मारा होतो तेव्हा भुरीबरोबर मातीतल्या ॲस्परजिलसलाही तो बसतो, आणि त्यातून टिकणारी बुरशी पुढे माणसाच्या औषधालाही दाद देत नाही. हे आधी नेदरलँड्समध्ये ध्यानात आलं. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी भारतातही अशी चिवट बुरशी दाखवून दिली. अण्णांच्या फवारणीनं अण्णांना आजार झाला असा याचा अर्थ अजिबात नाही, आणि घरात कुणाला तसं म्हणू देऊ नका. अर्थ एवढाच की थुंकीच्या कल्चरमध्ये बुरशी उगवली, तर ती कुठल्या औषधाला दाद देते हे तपासून मागा, आणि दोन-तीन महिन्यांत योग्य पातळी असूनही फरक नसेल तर हा मुद्दा डॉक्टरांसमोर तुम्हीच काढा. व्होरिकोनॅझोलसारखा दुसरा पर्याय असतो. तो उपाशीपोटी घ्यायचा असतो आणि उन्हात कातडी भाजते, शेतकऱ्यासाठी हे आधी माहीत असलेलं बरं.

तर, छाटणीला जाऊ द्या. रक्त पडायचं थांबलेलं असेल, ताप नसेल, तर कात्री घेऊन बांधावर उभं राहण्यानं त्यांचं काही बिघडणार नाही. घरात खाटेवर बसून बागेची काळजी करण्यापेक्षा ते बरं. शेणखताचा ढीग उपसणं, कुजलेला काडीकचरा हलवणं, भिजलेल्या कडब्याच्या पेंढ्या सोडणं ही कामं मात्र दुसऱ्यानं करायची, त्या वेळी अण्णांनी वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब थांबायचं. बेदाणा शेडमध्ये झाडलोट आणि प्रतवारी चालू असताना आत जायचं नाही. गंधकाची धुरी तर मुळीच नको, ती बुरशीसाठी नव्हे, अशा फुप्फुसाला तो धूरच सोसणार नाही म्हणून. टाळताच येत नसेल तिथे एन-९५ मास्क, नाकावर नीट दाबून बसवलेला. उपरणं बांधून चालत नाही, दोन मायक्रॉनचा बीजाणू त्यातून आरपार जातो.

आयजीजीचा निकाल आणि २०१८ ची फिल्म हाती आली की मला परत लिहा. तोवर रात्रीचं वाचन अकराला बंद.